अप्पांचं स्ट्रॉन्शियम

अप्पांनी बेळगावात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. मे महिन्यात ते पहिल्यांदाच माझ्याकडे ग्लासगोला आले. एकटेच. आई-अप्पांना बोलवायचं दोनदा ठरलं होतं आणि माझ्या प्रोजेक्टपायी दोनदा पुढे ढकललं. आई गेल्या वर्षी गेली.

मी दिवसभर लॅपटॉपसमोर, ते खिडकीपाशी. बोलणं फक्त ‘जेवलास का’ आणि ‘औषध घेतलंत का’ एवढंच. शेवटी सुट्टी टाकली आणि नकाशावर गाव दाखवलं, स्ट्रॉन्टीअन. अप्पांनी चष्मा वर केला. “स्ट्रॉन्शियमवालं?”

तेच. तिथल्या शिशाच्या खाणींत एक वेगळं खनिज सापडलं आणि त्यातल्या मूलद्रव्याला गावाचं नाव मिळालं. १८०८ साली हम्फ्री डेव्हींनी तो धातू वेगळा केला. दिवाळीच्या फटाक्यांतला लाल रंग त्याच्याच क्षारांचा.

लॉख लोमंडच्या काठाने, ग्लेनकोमधून कॉरनला पोचलो. तिथे गाडीसकट फेरीबोटीत चढायचं, काही मिनिटांत पलीकडे. पुढे एकेरी रस्ता. समोरून गाडी आली की ठरलेल्या रुंद जागी थांबायचं. मोबाईलची रेंज गेली. मला चैन पडेना, अप्पा मात्र खुशीत.

लॉख सूनार्ट म्हणजे आपल्या खाडीसारखं डोंगरांत लांब शिरलेलं समुद्राचं पाणी. काठाला जुनी ओकची बनं. गावाजवळच्या अरिअंडलच्या बनात शिरलो तर बुंध्यांवर शेवाळाची गादी, फांद्यांवर नेचे, खाली निळी ब्लूबेल फुलं. चोर्ला घाटात श्रावणात दिसतं तसं हिरवंगार, पण इथे ओल बारा महिने. पूर्वी हे ओक बुडाशी तोडायचे आणि नवे फुटवे येऊ द्यायचे. लाकडाचा लोणारी कोळसा लोखंडाच्या भट्ट्यांना जायचा, साल कातडी कमावायला. कामाचं होतं, म्हणून राखलं गेलं.

अप्पांनी एका खोडावर बोट ठेवलं. “दगडफूल. जात वेगळी असेल, पण गोतावळा तोच. तुझी आई मसाल्यात घालायची.” इथे आल्यापासून आईचा विषय त्यांनी पहिल्यांदाच काढला.

दुसऱ्या दिवशी गारव एलन बेटासमोरच्या लाकडी निरीक्षणकुटीत बसलो. ओहोटी होती. खडकांवर सील लोळत होते, उथळ पाण्यात राखी बगळा उभा. दीड तास गेला. मी दोनदा फोन काढला. मग अप्पांनी माझा दंड घट्ट धरला. पाण्यातल्या झुडपांतून पाणमांजर वर आलं, खेकडा दगडावर ठेवून कराकरा खाल्ला आणि बुडी मारली. किनाऱ्यावरची पाणमांजरं समुद्रात शिकार करतात, पण अंगावरचं मीठ धुवायला त्यांना गोडं पाणी लागतं. म्हणून ओढ्याच्या मुखाशी लक्ष ठेवायचं.

“तिला दाखवायला हवं होतं,” अप्पा म्हणाले.

मी काही बोललो नाही. परतीच्या वाटेवर मात्र ते आईबद्दल बोलत राहिले आणि मी ऐकत राहिलो.

तुमच्यापैकी कोणी स्कॉटलंडला असेल तर जरूर जा. पेट्रोल आधीच भरा, रेनकोट, गमबूट आणि दुर्बीण घ्या. मेअखेरीपासून बारीक चावरी चिलटं असतात, डोक्यावर जाळी हवी. आणि आई-वडिलांना बोलवायचं असेल तर पुढच्या वर्षावर टाकू नका.