घोड्याची गव्हाण

मुलांनो, माथेरानला तुमच्यापैकी पुष्कळजण गेले असतील. नेरळहून घाट चढलं, की दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात. पुढे तांबड्या मातीची वाट आणि घोडे! बसायची घाई सगळ्यांनाच असते. पण मालकाला विचारून जरा तबेल्यातही डोकवा बरं का. घोडा जेवतो कसा, ते बघा.

घोड्याचं अंग एवढं थोरलं, पण जठर लहान. गाईसारखं भराभर गिळून मग रवंथ करणं त्याला जमत नाही. म्हणून तो दिवसभर थोडंथोडं खातो. गवत जमिनीवर टाकलं, तर मातीही पोटात जाते. आणि घोड्याला उलटी करता येत नाही! पोटात कळ आली, की तो लोळतो, घामाघूम होतो. कधीकधी जिवावरच बेततं. घोडा गेला म्हणजे घराची कमाई गेली.

म्हणून गव्हाण हवी. जुन्या फळ्यांची घरीच ठोकता येते. खिळ्यांची टोकं तेवढी बाहेर राहता कामा नयेत. नाहीतर दोरीची जाळी विणायची. भोकं लहान असली, की गवत हळूहळू निघतं, सांडत नाही. जाळी फार उंच टांगली तर धूळ नि कुसळं डोळ्यांत जातात. रिकामी झाली की ती खाली लोंबते आणि त्यात खूर अडकतो, हेही ध्यानात ठेवूनच बांधायची. गाठ मारायची ती सुरगाठ. निरगाठ नको, अडचणीत ती चटकन सुटत नाही.

चंदीसाठी मात्र तोंडाला पिशवी बांधतात. तिचं नाव तोबरा. तोंडात बकाणा भरलात की आई कोणता शब्द वापरते, आठवा पाहू!