हक्काचे पैसे मागताना

काम मागायला आम्हाला कधी लाज वाटली नाही. केलेल्या कामाचे पैसे मागताना मात्र जीभ अडखळायची.

आम्ही दोघं नवरा-बायको सोलापुरात घरूनच काम करतो. एक जण मराठी-उर्दू अनुवाद करते, दुसरा पुस्तकांची पानं लावतो. २०२० च्या टाळेबंदीत एकाची प्रेसमधली नोकरी गेली, दुसरीचा शाळेतला पगार निम्मा झाला, आणि मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेल्या जुन्या संगणकावर आमचा हा धंदा सुरू झाला. अल्हमदुलिल्लाह, काम मिळत गेलं. पैसे कधी मिळतील हे मात्र समोरच्याच्या मर्जीवर.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या एका जाहिरात कंपनीनं आरोग्यविषयक सहा पुस्तिकांचं काम दिलं. मराठीतून उर्दूत अनुवाद, पानांची मांडणी, सगळं मिळून ६२,००० रुपये. आमच्यासाठी एवढं मोठं काम पहिलंच. बोलणं सगळं फोनवर झालं. महिनाअखेरीस फायली पाठवल्या, पलीकडून ‘फार सुंदर’ असं उत्तर आलं. आम्ही व्हॉट्सॲपवर रक्कम आणि खात्याचा नंबर लिहून पाठवला आणि वाट बघत बसलो.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे एकच उत्तर. २४ मार्चला रमजान सुरू झाला. आमचे निरोप वाचले तर कुणालाही वाटलं असतं की देणं आमच्याकडूनच आहे. ‘त्रास देतोय, माफ करा’, ‘जमलं तर बघा’. ज्यांनी काम दिलं होतं ते साहेब बोलायला गोड होते, त्यामुळे कडक बोलायचा धीर होत नव्हता. पुढचं काम हातचं जाईल ही भीती होतीच.

या पुस्तिकांचं उर्दू प्रूफ आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिकेनं तपासलं होतं. सगळी गल्ली त्यांना खालाजान म्हणते. त्यांचे ७,००० रुपये आमच्याकडून येणं होतं. कंपनीचे आले की देऊ, असं आम्ही एकदा सांगितलं आणि नंतर विषयच टाळू लागलो. समोरून येताना दिसल्या की दुकानात शिरायचं, इथवर मजल गेली होती. त्यांनी एकदाही विचारलं नाही.

२२ एप्रिलला ईद झाली. शीरखुर्मा घ्यायला त्या घरी आल्या आणि जाताना आमच्या मुलीच्या हातात ईदीचं पाकीट ठेवून गेल्या. दोनशे रुपये. ज्यांचे सात हजार आम्ही तीन महिने अडकवले होते, त्यांच्याकडून. मजुरी वेळेवर देण्याविषयीची ती घामाची हदीस आम्ही त्या कंपनीला मनातल्या मनात कितीदा ऐकवली होती. त्या रात्री ती आमच्याच अंगावर आली.

दुसऱ्याच आठवड्यात भिशीचा नंबर शेजारच्या वहिनींशी बदलून घेतला आणि पैसे घेऊन त्यांच्याकडे गेलो. खालाजाननी कपाटातून एक वही काढली. तारीख, पुस्तिकेचं नाव, पानं, दर, बेरीज. १४० पानं, पानाला ५० रुपये, एकूण ७,०००. खाली ‘मिळाले’ असं लिहून त्यांनी त्या दिवसाची तारीख घातली आणि आम्हाला वेगळी पावतीही करून दिली.

मग चष्मा काढून विचारलं, “बेटा, त्या पुण्यावाल्यांना तुम्ही असं लिहून दिलंय का?”

दिलं नव्हतं. त्यावर त्यांनी आठवण करून दिली की कुरआनातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याची लिखापढी करण्याविषयी आहे. आम्ही ती तिलावतीत कितीदा वाचली असेल. लिहून मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं, असं आम्ही मुरव्वतीपायी धरून चाललो होतो. खालाजानचा आमच्यावर अविश्वास नव्हता, तरी वही होती.

साहेबांना सोडून आम्ही कंपनीच्या अकाउंट्स विभागाला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, “तुमचं बिलच आलेलं नाही.” चार महिने ‘प्रोसेसमध्ये’ असलेलं बिल त्यांच्या टेबलापर्यंत पोचलंच नव्हतं. साहेब विसरले हे खरं, पण आम्ही पाठवलेलं ते बिल तरी कुठं होतं! बाईंनी शांतपणे सांगितलं काय काय लागतं ते. बिल नंबर आणि तारीख, आमचं पूर्ण नाव-पत्ता, कंपनीचं पूर्ण नाव, कामाचा तपशील, पॅन, बँक खातं आणि आयएफएससी, सोबत एक रद्द केलेला चेक. जीएसटी नंबर विचारला, तर आमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत, म्हणून नोंदणी नाही. तसं बिलावर लिहून द्या म्हणाल्या. आणि महिन्याच्या २५ तारखेपर्यंत बिल आलं तरच पुढच्या महिन्यात पैसे निघतात, हेही त्यांनीच सांगितलं. हे आम्हाला जानेवारीत विचारता आलं असतं.

२३ मेला बिल गेलं. बकरी ईदच्या आधीच्या आठवड्यात खात्यात ५५,८०० रुपये जमा झाले. ६,२०० कमी बघून आम्ही आधी चिडलो. मग कळलं की तो दहा टक्के टीडीएस आहे, तो आमच्या पॅनवर सरकारात जमा झालाय आणि २६ एएसमध्ये दिसतो. विवरणपत्र भरल्यावर ते पैसे परत मिळाले. तोवर आम्ही विवरणपत्र कधी भरलंच नव्हतं, ‘आपलं उत्पन्न ते किती’ म्हणून.

तेव्हापासून काम सुरू करण्याआधी एक ईमेल जाते: काम काय, पानं किती, दर किती, दुरुस्त्या किती वेळा, पैसे किती दिवसांत. ४० टक्के आगाऊ. तपासायला देतो त्या प्रतीवर आडवं ‘नमुना’ छापलेलं असतं, छपाईची फाइल बाकी रक्कम आल्यावर. मोठ्या कंपन्या आगाऊ देत नाहीत. तिथे वर्क ऑर्डर मागतो आणि बिल कुणाच्या नावे, कोणत्या तारखेच्या आत पाठवायचं ते पहिल्याच दिवशी विचारून घेतो. मुदतीच्या तीन दिवस आधी एक साधी आठवण जाते. त्यात ‘माफ करा’ नसतं. जुनं बिल थकलेलं असताना नवं काम घ्यायचं नाही, हे सगळ्यात अवघड. दोन गिऱ्हाइकं त्यापायी गेली. त्यातल्या एकाकडून अजून ४,००० येणं आहे, ते बहुधा गेलेच.

उद्यम नोंदणीही केली. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन लागतं, फी काहीच नाही. कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदलेल्या लहान सेवा देणाऱ्यांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. नोंदणीआधीच्या कामाला त्याचा सहसा उपयोग होत नाही, म्हणून ती वेळेत करावी. शिवाय एप्रिल २०२४ पासून आयकरात असा नियम आला की या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. बिलावर उद्यम नंबर छापल्यापासून मार्चमध्ये अकाउंट्सवाल्यांचे फोन आपणहून येतात, याची आम्हाला अजून गंमत वाटते.

याच कायद्यात उशिरा दिलेल्या पैशांवर व्याजाची तरतूद आहे, बँक दराच्या तिप्पट. एका ओळखीच्या सीएनं ती ओळ बिलावर छापा म्हणून सुचवलं. आम्ही दोघांनी विचार केला आणि छापली नाही. आम्हाला आमची मजुरी हवी, तीही वेळेवर; व्याज नको. बिलावर फक्त देण्याची शेवटची तारीख आणि कायद्याचा उल्लेख असतो. तेवढ्यानं बहुतेक ठिकाणी भागतं.

नात्यातल्यांचं अजून पुरतं जमलेलं नाही. मामूजानच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका केली, तेव्हा बिल पाठवावं की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. शेवटी पाठवलं: पूर्ण रक्कम, खाली ‘आमच्याकडून भेट’ म्हणून अर्धी वजा. मामूजाननी फोन करून हसत विचारलं, “अरे, मलाही बिल?” संध्याकाळी पैसे जमा झाले.

खालाजान अजून आमची प्रूफं तपासतात. आगाऊ रक्कम आली की त्यांचा हिस्सा त्याच दिवशी वेगळ्या पाकिटात जातो. परवा त्यांना आमचं नवं बिल दाखवलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि आमच्या पत्त्यातली वेलांटीची चूक काढून दिली.