दाखवायचे पैसे आणि परिग्रह-परिमाण



माझी भाची आणि जावई लहान मुलीला घेऊन कायमचे कॅनडाला जायचं म्हणतात. हातात तिथली नोकरी नसताना फेडरल स्किल्ड वर्कर या मार्गाने अर्ज केला, तर सुरुवातीचे दिवस निभावतील एवढे पैसे जवळ असल्याचं दाखवावं लागतं. जुलै 2025 च्या तक्त्यात तिघांसाठी 23,360 कॅनेडियन डॉलर आहेत, म्हणजे आपले साधारण पावणेपंधरा लाख.

दोघांच्या बचतीचे दहा लाख होते. सेनगावात भावाचं शेत आहे, घर आहे. पण त्यांची किंमत यात धरत नाहीत. भाऊ म्हणाला, "ताई, पाच लाख महिनाभर हातउसने घेऊ. बँकेचं पत्र मिळालं की परत करू."

मी बीकॉम, त्यामुळे घरातले कागद माझ्याकडेच येतात. नियम वाचून दाखवला. पैसे उसने चालत नाहीत. बँकेच्या पत्रात खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, मागच्या सहा महिन्यांची सरासरी आणि डोक्यावरचं कर्ज, सगळं लिहावं लागतं. खोटी माहिती आढळली तर पाच वर्षं दार बंद. आणि दार उघडं राहिलं असतं तरी सत्य अणुव्रत घेतलेल्या घरात हे बसणारं नव्हतं.

भाऊ दोन दिवस बोलला नाही. मग त्याने साठवलेली हळद हिंगोलीच्या बाजारात विकली आणि सहा लाख लेकीच्या खात्यात भरले. वडिलांनी मुलीला दिलेल्या भेटीवर तिला प्राप्तिकर लागत नाही. परत घ्यायचे नाहीत, असं बक्षीसपत्र केलं. अडत्याची पट्टी जोडली. एवढी रक्कम अचानक कुठून आली, याचं उत्तर कागदावर हवं. मग सहा महिने त्या पैशाला हात लावला नाही. व्हिसा मिळेपर्यंतही लावायचा नाही, कारण रक्कम तेव्हाही असावी लागते.

परिग्रह-परिमाण व्रतात आपणही शेत, घर, सोनं, धान्य मोजतो आणि यापुढे नको अशी मर्यादा घालतो. कॅनडावाले याहून कमी नको म्हणतात. पण मोजताना दुसऱ्याचं आपलं म्हणून धरायचं नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

अर्ज गेला आहे. ज्यांच्या घरी असा विचार चालू असेल, त्यांनी आधी खात्यातली स्वतःची रक्कम मोजावी. कमी पडली तर एक हंगाम थांबावं.