खो आणि पास

कोणाचे दुखणे कोणते असावे, याला काही नियम नाही. आमच्या कचेरीतील एका स्नेह्यांचे दुखणे गुडघ्याचे आहे, दुसऱ्यांचे बढतीचे आहे. आमचे मात्र फुटबॉलचे आहे. आम्ही मूळचे साताऱ्याचे. बालपणी आम्ही खो-खो खेळलो, कबड्डी खेळलो, परीक्षेच्या आदल्या दिवशीदेखील क्रिकेट खेळलो. फुटबॉल म्हणजे पावसाळ्यात चिखल तुडवण्याचे एक निमित्त, एवढीच आमची त्याविषयी समजूत होती. पुढे सरकारी नोकरीच्या ओघात कोलकात्यास बदली झाली. या शहरात माणसाने घर शोधण्याआधी एक संघ पत्करावा, असा संकेत आहे. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी पहिल्याच दिवशी आम्हांस विचारले, की आपण कोणत्या संघाचे? ‘कोणत्याच नाही’ हे उत्तर येथे असभ्य समजले जाते, हे त्यांच्या मुद्रेवरून कळताच आम्ही तत्काळ एक संघ पत्करला. तो कोणता, हे मात्र सांगणार नाही. आमचा संघ जिंकला म्हणजे बाजारात कोळंबी महागते की इलिश, एवढे सांगितले तरी अर्धे शहर आमच्याशी अबोला धरील. आणि आम्हांस येथे अजून काही दिवस काढावयाचे आहेत.

अकरा वर्षे झाली. या अकरा वर्षांत त्या संघाने आम्हांस जितके छळले, तितके कोणत्याही वरिष्ठ अधिकाऱ्याने छळले नसेल. बचावाविषयी आमची तक्रार नाही. मधल्या फळीतील खेळाडूही चेंडू मोठ्या ऐटीने पुढे आणतात. आपण हातातील चिनेबादामाची पुडी बाजूस ठेवून उठू लागतो, आणि नेमके तेथेच घोडे पेंड खाते. पास दिला जातो तो रिकाम्या गवताला. गवताने तो स्वीकारल्यावर आघाडीचा खेळाडू दोन्ही हात पसरून पास देणाऱ्याकडे पाहतो, पास देणारा त्याच्याकडे पाहतो, आणि आम्ही आकाशाकडे. कधी पास अचूक पायाशी येतो. तेव्हा घेणाऱ्याचा पहिला स्पर्शच असा पडतो, की चेंडू दोन हात उडून प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन होतो. कधी बगलेवरून सुरेख उंच चेंडू गोलासमोर येतो आणि तेथे आमचा एकही गडी नसतो. दर शनिवारी घसा बसेपर्यंत ओरडावे, आणि सोमवारी कचेरीत कुजबुजत्या स्वरात टिपणे सांगावीत, असा आमचा क्रम झाला आहे.

वास्तविक पास देणे हा या खेळाचा जन्मजात गुण नव्हे. १८६३ साली इंग्लंडात नियम बांधले गेले, तेव्हा चेंडूच्या पुढे असलेला सहकारी खेळातूनच बाद समजला जाई. त्यामुळे प्रत्येकाने चेंडू पायाशी घेऊन एकट्याने मुसंडी मारावी, हीच रीत होती. १८६६ साली तो नियम सैल झाला आणि पुढे चेंडू देण्याची वाट मोकळी झाली. स्कॉटलंडच्या मंडळींनी ती ओळखली. एकट्याच्या पराक्रमापेक्षा दोघांचा मेळ अधिक लांब पोहोचतो, हे त्यांनी दाखवून दिले.

हा मेळ आपल्या देशात कधीच जमला नाही, असेही नाही. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानच्या बहुतांशी अनवाणी गड्यांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. त्यातील निर्णायक गोल अभिलाष घोषांचा. पण त्यांच्यासाठी चेंडू शिवदास भादुरींनी आणून दिला होता. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिम्पिकमध्ये आपल्या संघाने ऑस्ट्रेलियाला ४–२ असे नमवले. त्यात मुंबईच्या मैदानांवर गाजलेल्या नेव्हिल डिसूझांनी तीन गोल केले. १९६२ साली जकार्त्यात हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीमांच्या शिष्यांनी दक्षिण कोरियाला हरवून आशियाई सुवर्णपदक आणले. रहीमसाहेब पेशाने शिक्षक होते, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

आणि मग २०२४ साल. जानेवारीत कतारमधील आशिया चषकात आपला संघ तीन सामने खेळला, तिन्ही हरला, आणि एकही गोल करू शकला नाही. त्याच वर्षी ६ जूनला कुवेतविरुद्ध सुनील छेत्री यांचा निरोपाचा म्हणून जाहीर झालेला सामना येथील युवभारती क्रीडांगणावर झाला. चौऱ्याण्णव आंतरराष्ट्रीय गोल नावावर असलेल्या माणसाच्या निरोपाला गोलफलक मात्र कोराच राहिला. पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा बोलवावे लागले, यातच सारे आले.

आमच्या क्लबच्या सामन्यांना आमची कन्या सोबत असते. ती सातव्या वर्षी या शहरात आली आणि यंदा बारावीला आहे. बंगाली ती आमच्याहूनच काय, आमच्या मराठीहूनही अस्खलित बोलते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका सामन्यात पास गवतात गेला, आणि आम्ही नेहमीप्रमाणे आघाडीच्या खेळाडूचा उद्धार आरंभला.

“जागच्या जागी चेंडू दिला तरी घेता येत नाही याला!” आम्ही गरजलो.

ती शांतपणे म्हणाली, “बाबा, हा खो-खो नाही.”

आम्ही चपापलो. खो-खोत घेणारा आपल्या चौकोनात बसलेला असतो. तो कोठे आहे, कोणीकडे तोंड करून आहे, हे देणाऱ्याला पक्के ठाऊक असते. पाठीमागून जावे, पाठीवर थाप द्यावी, ‘खो’ म्हणावे, की तो उठून धावलाच. अकरा वर्षे आम्ही फुटबॉल पाहत होतो तो याच डोळ्यांनी.

“इथं माणूस आहे तिथं पास द्यायचा नसतो,” ती सांगू लागली. “तो जिथं पोचणार आहे तिथं द्यायचा. त्यासाठी देणाऱ्यानं आधी मान वर करून बघायला हवं.”

त्या रात्री जेवताना आम्ही आमचा फार दिवसांचा बेत तिच्यापुढे मांडला. पुढील वर्षी आमची बदली अटळ. तेव्हा तिने पुण्यास शिकावे. आमच्या अक्कांनी तिच्यासाठी माडीवरची खोली केव्हाच राखून ठेवली होती. टेबल आणले होते, खिडकीला जाळी बसवली होती. महाविद्यालयाची चौकशीही झाली होती. परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाने निदान लेकराला तरी घरी पोहोचवावे, ही आमची भावना. आपणांपैकी पुष्कळांनी असेच काही मनाशी योजलेले असेल.

ती घास हातात धरून थांबली. “मला इथंच राहून भूगर्भशास्त्र शिकायचंय, बाबा. दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं मी. तुम्ही तेव्हा मॅच बघत होता.”

आमच्या सौ.नी वरण वाढता वाढता मान डोलावली. म्हणजे ते त्यांना ठाऊक होते. आम्हांस मात्र आठवत होती ती सात वर्षांची मुलगी. हावड्याच्या फलाटावर ‘आजीकडे परत चला’ म्हणून ती हमसाहमशी रडली होती. तिचे ते रडणे ध्यानात धरून आम्ही अकरा वर्षे एक पास तयार करीत होतो. ती त्या फलाटावरून केव्हाच धावत निघून गेली होती, आणि आम्ही मान वर केली नव्हती.

त्या रात्री आम्ही रागावलो, हेही प्रांजळपणे सांगावयास हवे. दोन दिवस घरात कामापुरतेच बोलणे झाले. तिसऱ्या दिवशी आम्ही तिच्या खोलीच्या दाराशी गेलो आणि भूगर्भशास्त्रात नेमके काय शिकवतात, ते विचारले. ती तासभर बोलत होती. त्यातले आम्हांस निम्मे समजले. पण ती कोणीकडे निघाली आहे, हे समजले.

रविवारी आम्ही पुण्यास अक्कांना फोन केला. म्हटले, “अक्का, माडीवरची खोली भाड्यानं दिलीस तरी चालेल.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तू नोकरीला लागून बाहेर गेलास ना, तेव्हा बाबांनीही साताऱ्याला तुझी खोली सहा वर्षं तशीच ठेवली होती. रोज झाडायला लावायचे. तुला कुणी सांगितलं नाही.”

आम्ही फोन खाली ठेवला. पुढच्या शनिवारी आमचा संघ पुन्हा हरला. पास पुन्हा गवतात गेले. आम्ही ओरडलो नाही. शेजारी बसलेल्या मुलीने आश्चर्याने आमच्याकडे पाहिले आणि चिनेबादामाची पुडी पुढे केली. ती मात्र आम्ही अचूक घेतली.