खाली कोण उभं आहे?

डिसेंबर ते मार्च या काळात आम्ही शनिवार-रविवारी कुणाकडे जेवायला जात नाही, हे आता मंडळातल्या बहुतेकांना ठाऊक झालं आहे. "ते काय, डोंगरावर असतील," असं म्हणून पॉटलकच्या यादीतून आमचं नाव आधीच खोडलं जातं. खोडतात ते बरोबरच आहे. शनिवारी पहाटे पाच वाजता थर्मासमध्ये चहा, डब्यात पराठे आणि डोळ्यांत झोप घेऊन मी आणि माझी अकरा वर्षांची लेक डेन्व्हरहून आय-७० ला लागतो.

स्कीइंग मी चाळिशीत शिकलो, लेक पाचव्या वर्षी. फरक तुम्ही ओळखला असेलच. स्कीची पुढची टोकं जवळ आणून 'पिझ्झा' केला की वेग कमी होतो, एवढ्या एका विद्येवर मी हिरव्या उतारावरून खाली येतो. ती निळ्या उतारावरून येऊन केव्हाची माझी वाट बघत उभी असते.

रविवारी क्लाइंबिंग जिम. तिथे माझी पत जरा बरी आहे, कारण मला चढायचं नसतं. ती भिंत चढते, तिच्या हार्नेसला बांधलेला दोर वरून फिरून माझ्याकडे येतो आणि मी तो सांभाळतो. याला बिले म्हणतात. पाय उचलण्याआधी ती विचारते, "ऑन बिले?" मी तिची आठच्या आकाराची गाठ तपासतो आणि म्हणतो, "बिले ऑन." दोर फार ढिला ठेवला तर ती घसरल्यावर जास्त खाली येईल. फार ताणला तर वरून ओरडते, "बाबा, तू मला ओढतोयस! मी चढतच नाहीये!" मी बहुतेक वेळा ताणतोच.

गेल्या डिसेंबरात आम्ही भारतात गेलो. पुण्यात लग्न, इंदूरला चुलत भावंडं, आणि मधला एक शनिवार-रविवार उज्जैनला माझ्या वडिलांकडे, म्हणजे अण्णांकडे. शनिवारी सकाळी वर शेव आणि जीरावन घातलेले पोहे आणि सोबत जलेबी असा उज्जैनचा रीतसर नाश्ता झाल्यावर लेकीने विचारलं, "वीकएंड आहे. इथे आपण काय चढायचं?"

मी म्हणालो, "घाटाच्या पायऱ्या."

अण्णांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "चढायचंय? संध्याकाळी चल माझ्याबरोबर. दोरबिर काही लागत नाही."

माझ्या हातातली जलेबी तशीच राहिली. अण्णा कुठे नेणार ते मला कळलं होतं. त्या आखाड्यात मी तीस वर्षांहून जास्त काळ पाऊल टाकलं नव्हतं.

आपल्यापैकी अनेकांना मल्लखांब म्हटलं की पुणं, मुंबई, साताराच आठवतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभट दादा देवधरांपासून ही विद्या नव्याने पसरली, हेही आपण लहानपणी ऐकलेलं असतं. पण उज्जैनला तिचं दुसरं माहेर म्हणायला हरकत नाही. राणोजी शिंद्यांनी इथे राजधानी केली, त्यांच्या मागोमाग मराठी घरं आली आणि घरांबरोबर गणपती आले, पुरणपोळी आली, आखाडेही आले. पुढे शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला गेली, पण आखाडे राहिले. १९८१ साली राष्ट्रीय पातळीवरची मल्लखांबाची पहिली स्पर्धा उज्जैनमध्ये झाली. अण्णा तेव्हा तरुण होते आणि त्या दोन दिवसांत आपण खेळाडूंना पाणी देण्यापासून गाद्या उचलण्यापर्यंत काय काय केलं, हे आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की आम्हीच तिथे होतो असं वाटावं. २०१३ मध्ये मल्लखांब मध्य प्रदेशचा राज्य खेळ झाला. २०२० मध्ये उज्जैनच्या योगेश मालवीय यांना मल्लखांबाच्या प्रशिक्षणासाठी द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्या दिवशी अण्णांनी मला डेन्व्हरला मध्यरात्री फोन करून उठवलं होतं.

मी स्वतः आठव्या वर्षापासून मल्लखांब करायचो. बाराव्या वर्षी, दसरंगाचा सराव करताना, खांबावरून पडलो आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण आखाडा सुटला तो सुटलाच. आईने बंद केलं, असं घरात सगळे म्हणत. मीही तेच धरून बसलो. विसाव्या वर्षी कशावरून तरी भांडण झालं तेव्हा मी तिला म्हणालो होतो, "तुझ्या भीतीपायी माझी एक चांगली गोष्ट गेली." ती मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. आईला जाऊन आता सहा वर्षं झाली.

संध्याकाळी आम्ही तिघं गेलो. मारुतीची मूर्ती तीच, भिंतीला टेकवलेली मुद्गलं तीच. जमिनीवर मात्र आता जाड गाद्या. पंधरा-वीस मुलं-मुली हिंदीत कलकलाट करत होती. लेकीने आधी खांबाला हात लावला आणि बोटं वास घेऊन बघितली. "बाबा, हे ऑइली आहे!" जिममध्ये हात कोरडे राहावेत म्हणून खडूची पूड चोळणाऱ्या पोरीला, चढायच्या वस्तूलाच एरंडेल लावतात हे पटेना. अंग खांबावरून फिरताना कातडी सोलू नये म्हणून ते लावतात, हे अण्णांनी समजावलं. साडेआठ फुटांच्या आसपासचा, वर निमुळता होत जाणारा सागवानी खांब. तिच्या भिंतीच्या मानाने तो काहीच नव्हे. पण मग तिच्याच वयाची एक मुलगी धावत आली, खांबाला भिडली आणि बघता बघता डोकं खाली, पाय वर. खांब मांड्यांत आवळलेला आणि दोन्ही हात मोकळे.

"तिचा दोर कुठाय?" लेकीने विचारलं.

"मांडीत," अण्णा म्हणाले.

तिला लगेच करून बघायचं होतं. मी म्हणालो, "नाही." प्रवासाचा शीण आहे, सवय नाही, उद्या बघू... ती कारणं मलाही पटत नव्हती. ती म्हणाली, "पण तिथे तर तू मला चाळीस फूट चढू देतोस!"

"तिथे दोर असतो."

"इथे आजोबा आहेत."

अण्णा काही बोलले नाहीत. घरी येईपर्यंत कुणीच बोललं नाही.

रात्री लेक झोपल्यावर अण्णा म्हणाले, "चल, रामघाटावर जाऊन येऊ." थंडी होती. क्षिप्रेच्या पाण्यात दिवे हलत होते. पायरीवर बसल्यावर ते बराच वेळ गुडघा चोळत राहिले आणि मग म्हणाले, "त्या दिवशी तुझ्याजवळ मी उभा होतो."

"माहीत आहे की."

"उभा होतो, पण बघत नव्हतो. कुणीतरी दाराशी हाक मारली म्हणून मान वळवली. हात मागे घेतला. तेवढ्यात तू आलास खाली." ते थांबले. "दुसऱ्या दिवशी मीच तुझ्या आईला सांगितलं, याला आता पाठवायचं नाही. माझा हात कापायचा रे, तू खांबाजवळ गेलास की. ती म्हणाली, माझं नाव सांगा. पोराचा बापावरचा भरवसा जायला नको."

मी काय बोलणार होतो? मला मेथीची जुडी दिसत होती आणि तिची खाली घातलेली मान. तीन शब्दांत तिला स्वतःला सोडवून घेता आलं असतं. तिने ते केलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही. अण्णांवर रागवावं असं वाटत होतं, पण शेजारी बसलेला माणूस शहात्तर वर्षांचा होता आणि हे ओझं माझ्या मनगटाहून कितीतरी जास्त वर्षं दुखत राहिलं होतं. मी एवढंच म्हणालो, "उद्या सकाळी नेऊ तिला. दोघंही उभे राहू."

रविवारी सकाळी सरांनी तिला आधी मारुतीला आणि मग खांबाला नमस्कार करायला लावला. पहिला धडा साध्या अढीचा. हातांनी खांब धरायचा, पाय डोक्यावरून वर न्यायचे आणि मांड्यांनी खांब आवळायचा. एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला मी. पहिल्यांदा पाय वर गेलेच नाहीत. दुसऱ्यांदा गेले आणि घसरले. आमचे दोघांचेही हात तिच्या पाठीखाली एकदमच पोचले. अण्णांचा हात थरथरत होता, पण होता तिथेच होता. तिसऱ्यांदा मांड्या खांबाला बसल्या. मी तिला धरायला गेलो, तर अण्णा हळूच म्हणाले, "हात जवळ ठेव, लावू नकोस."

ती उलटी लटकत होती. वेणी गादीला टेकली होती, तोंड लालबुंद झालं होतं. एक क्षण तिने हात सोडले. मोजून एक क्षण. मग खाली येऊन म्हणाली, "बाबा, आता तू."

पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने पुरी पंधरा-वीस मुलं बघत असताना काय करायचं? मी बूट काढले. पाय जमिनीपासून फूटभर उचलले गेले असतील, त्यापुढे पोटाने साफ नकार दिला. मुलं हसली, लेक तर गादीवर लोळून हसली. पण तेवढा वेळ माझ्या पाठीला न लागता एक हात अगदी जवळ होता. तो मला न बघताही कळत होता.

परत आल्यावर लेकीने मांड्यांवरचे निळे डाग आठवडाभर मैत्रिणींना बक्षिसासारखे दाखवले. आमचे शनिवार-रविवार पूर्वीसारखेच सुरू आहेत. मी अजून पिझ्झावरच आहे. दोर मात्र जरा कमी ताणतो, असा तिचा निर्वाळा आहे.

दर रविवारी रात्री आम्ही अण्णांना फोन लावतो, तेव्हा तिथे सोमवारची सकाळ असते. लेक त्यांना सांगते की आज भिंतीवर कुठवर पोचले, कुठली पकड सुटली. अण्णा सगळं ऐकून घेतात. किती उंच गेलीस हे ते कधीच विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "खाली कोण उभं होतं?"

"बाबा," ती म्हणते.

"बघत होता ना?"

"हो आजोबा. सगळा वेळ."