मुनिरक्याहून रोवणीला

दिल्लीतल्या मुनिरक्यात आता शेत शोधूनही सापडत नाही. टोकस जाटांच्या या गावाची जमीन सरकारने घेतली, तिच्यावर आर. के. पुरम आणि जेएनयू उभं राहिलं. उरल्या गल्ल्यांत मजल्यावर मजले चढले. शेतकऱ्यांची नातवंडं घरभाड्यावर जगतात. आमच्या गल्लीत जेएनयूत शिकणारी एक तिबेटी मुलगी राहते. बोलते पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची अस्सल मराठी! "धानाच्या रोवणीला चला ना आमच्याकडे," म्हणाली, आणि जुलैत आम्ही निजामुद्दीनहून गोंडवाना एक्स्प्रेसने निघालो.

गोंदियाला उतरून बल्लारशाच्या गाडीने अर्जुनी, पुढे रस्त्याने गोठणगाव. इटियाडोह धरणाच्या या मुलखात १९७२ साली नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत वसली. घरांवर मंत्रांच्या पताका, आणि समोर चिखलणी झालेल्या धानाच्या बांध्या.

मुलीचे आजोबा १९५९ नंतर, पोरवयातच, हिमालय ओलांडून आले. त्यांच्या गावी सातू पिकायचा, याक असायचे. "धान कधी पाहिलंच नव्हतं," ते म्हणाले. इथल्या उन्हाने आणि डासांनी सुरुवातीची वर्षं फार कठीण गेली. परे (धानाची रोपं) कसे उपटायचे, पेंढ्या कशा बांधायच्या, चिखलात किती खोल रोवायचं, हे शेजारगावच्या बायांनी शिकवलं. नुसत्या धानावर घर चालत नाही, म्हणून हिवाळा आला की कुटुंबं स्वेटर विकायला शहरांत जातात. नागपूर-पुण्याच्या फुटपाथवर आपण त्यांच्याशी घासाघीस करतो, पण ही माणसं शेतकरी आहेत हे आपल्या मनातही येत नाही.

जमीन त्यांच्या नावावर नाही. २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याची तरतूद आहे. ज्या मातीत एका पिढीचं सगळं आयुष्य गेलं, तिच्यावर त्यांचा याहून पक्का हक्क असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. आजोबा मात्र त्याबद्दल बोलले नाहीत. फुटलेला धुरा बांधत राहिले.

दुसऱ्या दिवशी रोवणीला गोठणगावच्या बाया आल्या, पण थोड्याच. पुढच्या वर्षी मजूर मिळाले नाहीत तर अर्धी बांधी पडीक राहील, ही आजोबांची चिंता. मुलगा परदेशात, नात दिल्लीत.

"मी येईन ना सुट्टीत," नात म्हणाली.

"ये. पण आधी ही रांग सरळ कर," म्हणत त्यांनी पऱ्यांची पेंढी तिच्याकडे फेकली.