गड्ड्यातल्या धाकट्या काठ्या

सोलापूरचा गड्डा पाहणारा माणूस मान वर करूनच चालतो. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचे ७ नंदीध्वज निघतात. एवढी उंच काठी, आणि ती माणसाने कमरेच्या आधारावर तोलायची! ६८ लिंगांची प्रदक्षिणा काय, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा काय, सारेच डोळ्यांचे पारणे फेडणारे. पण वाचकहो, एकदा मान खाली करून होम मैदानावरच्या धाकट्या काठ्याही पाहा.

त्या आहेत फिरत्या विक्रेत्यांच्या पालांच्या. बांगड्या, खेळणी, चुरमुरे. साऱ्या यात्रेची कमाई या कापडाखाली मांडलेली. काठी ढळली की माल मातीत! म्हणून ही मंडळी काठी कशी उभी करतात, ते शिकण्यासारखे आहे.

नंदीध्वजाला माणूस तोलतो, पालाच्या काठीला दोर. कापड तिला आत ओढते, तणावा बाहेर. या ओढाताणीतच ती ताठ राहते. तेव्हा काठी फार जाड नको, सरळ हवी. एका काठीला दोन तणावे, बैलाच्या शिंगांसारखे फाकलेले. एकच बांधला, तर आडवा वारा काठी लोळवतो. खुंटी ठोकायची ती डोके पालापासून बाहेर कलते ठेवून. उभी ठोकलेली खुंटी लवकर उपसते.

मोटारीने तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करणाऱ्या कुटुंबांनी ही विद्या जरूर उचलावी. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो, आणि माळावर बाभळीची सावली ती केवढी! पुरुषाहून हातभर उंच असे दोन वेळू घ्या. खालचे टोक पेराच्या गाठीलगत कापा, म्हणजे ते चिरत नाही. वरच्या पोकळीत लाकडी गुटका ठोकून त्यात बिनडोक्याचा खिळा बसवा. तोंडाशी तारेचे चार वेढे द्या. कापडाची कडी आणि तणाव्याचा फास दोन्ही या खिळ्यात. कापडाची दुसरी कड मोटारीच्या टपावरील कॅरियरला बांधली की झाले! काळ्या मातीत काठीखाली चपटा दगड ठेवा, नाहीतर ती रुतते.

सोलापुरी चादर मात्र छताला नको. तिचे जाड सूत अंगाखाली वा अंगावरच शोभते. वर टांगली तर काठ्यांना भार होतो. छताला हलके, घट्ट विणीचे कापड बरे.

आणि वैशाखात ढग काळवंडले की हौस पुरे करून पाल उतरवावे. वळवाशी पैज लावू नये. गड्ड्यातला जाणता विक्रेता वाऱ्याची चाहूल लागताच आधी माल झाकतो, मग दोर सोडतो. उभे करण्याइतकेच वेळेवर उतरवणे हेही त्या धाकट्या काठीचे शास्त्र आहे.